‘झाले’ आणि ‘झाले समजा’

मराठी कार्यालयीन भाषेत कार्यसमाप्तीचे दोन प्रयोग आढळतात. पहिला ‘झाले’ हा असून तो क्वचित ऐकू येतो. दुसरा ‘झाले समजा’ हा असून राज्यकारभाराचा बराचसा भार त्याच्यावर उभा आहे. व्याकरणकारांनी पहिल्याला भूतकाळात जागा दिली, परंतु दुसऱ्याचा काळ कोणता याविषयी ते मौन पाळतात, कारण त्यात क्रिया घडलेली नसते, घडत नसते आणि घडेलच अशीही खात्री नसते, तरीही ऐकणाऱ्याने समाधानाने घरी जावे इतपत समाप्ती त्यात निश्चित असते. संगणकशास्त्राच्या एका संपूर्ण शाखेने गेली पन्नासएक वर्षे या दोन प्रयोगांमधील अंतर मोजण्यात घालवली आहेत, आणि हे अंतर सर्वांत घातक जेथे ठरते ती मांडणी म्हणजे डेटाबेसचा सर्व्हर एका यंत्रात आणि त्याची साठवण जाळ्यापलीकडच्या दुसऱ्याच यंत्रात. या मांडणीचा विचार महानगरांतील वातानुकूलित दालनांत बसून करण्याची रीत आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथून तो केल्यास विषय अधिक लवकर ध्यानात येतो.

मार्कंडा हे चामोर्शी तालुक्यातील वैनगंगेकाठचे क्षेत्र असून, एरवी दक्षिणेकडे धावणारी ही नदी येथे काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या स्थानाला विशेष पावित्र्य आहे. (संगणकाच्या जाळ्यात प्रवाह असा उलट फिरला तर पावित्र्य लाभत नाही, तक्रार क्रमांक लाभतो.) क्षेत्राचे नाव मार्कंडेय ऋषींवरून पडले. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला हा मुलगा यम दारी आल्यावर शिवलिंगाला मिठी मारून बसला, यमाने टाकलेला पाश लिंगासकट त्याच्या भोवती पडला, तेव्हा स्वतः शिवाने प्रकट होऊन यमाला परतवले आणि मुलगा चिरंजीव झाला, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर येथील भाविक हीच घटना आपल्या गावी घडल्याचे मानतात. महत्त्वाच्या नोंदीच्या दोन प्रती दूरदूरच्या दोन ठिकाणी असाव्यात हा संकेत पुराणकाळीही पाळला जात असावा, असे समजण्यास येथे वाव आहे.

डेटाबेसशास्त्रात या कथेला ‘टिकाऊपणा’ असे रूक्ष नाव आहे. व्यवहाराने पाळावयाच्या चार अटी १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी एका आद्याक्षरी नावात गुंफल्या. व्यवहार पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, त्याने नियम मोडू नयेत, एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांच्या ताटात हात घालू नये, या पहिल्या तीन अटी होत. चौथी अशी, की एकदा ‘झाले’ असे सांगितल्यानंतर वीज गेली, यंत्र बंद पडले, किंबहुना प्रत्यक्ष यम आला, तरी नोंद राहिली पाहिजे. मार्कंडेयाने मिठी मारली ती दगडाच्या लिंगाला, म्हणून तो वाचला. डेटाबेसची नोंद ज्याला मिठी मारते ती वस्तू दगडाची आहे की नुसता दगडाचा भास आहे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

संबंधाधिष्ठित डेटाबेस म्हणजे, माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत विभागून, प्रत्येक ओळीला ओळख पटवणारी एक किल्ली देऊन, एका तक्त्यातील किल्ली दुसऱ्या तक्त्यात लिहून त्यांचे नाते जोडण्याची पद्धत. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ती मांडली आणि त्याबद्दल त्यांना १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. चामोर्शीच्या तलाठ्याला मात्र या शोधाने फारसे चकित केले नसते, कारण गावाचा अवघा महसुली संसार एक ते एकवीस क्रमांकांच्या गाव नमुन्यांत विभागून ठेवणे हा त्याचा पिढीजात उद्योग होता. नमुना सातवर जमीन आणि तिचा कब्जेदार, बारावर पीक, आठ-अवर खातेदार आणि त्याच्या नावावरील सगळे तुकडे, आणि या सर्वांना एकत्र बांधणारा खाते क्रमांक: कॉडच्या सिद्धान्ताला यापेक्षा वेगळे काही म्हणावयाचे नव्हते, फक्त त्यांनी ते गणिताच्या चिन्हांत म्हटले. तलाठ्याला पुरस्कार मिळाला नाही; अलीकडे त्याचे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे आणि गावाने तो बदल तूर्त ‘झाले समजा’ या सदरात ठेवलेला आहे.

तलाठ्याच्या दप्तरातील खरे रत्न नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली गेली किंवा खातेदार वारला, तर तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे बदल आधी फेरफार नोंदवहीत क्रमाने लिहिला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. कागदी दप्तराच्या काळात तोवर सातबाऱ्यावर ती पेन्सिलीने टिपून ठेवण्याची पद्धत होती. प्रमाणित झाली की शाई, रद्द झाली की खोडरबर. डेटाबेसही नेमके हेच करतो. मूळ तक्त्याला हात लावण्यापूर्वी तो बदलाची हकिकत एका क्रमवार नोंदवहीत उतरवतो, ती नोंदवही चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पक्की झाली की ग्राहकाला ‘झाले’ असे कळवतो, आणि मूळ पाने सवडीने दुरुस्त करतो. मध्येच यंत्र कोसळले तर उठल्यावर नोंदवही पुन्हा वाचून, प्रमाणित नोंदींचा अंमल देऊन, अर्धवट राहिलेल्या नोंदी बाजूस सारतो. परदेशी ग्रंथांत या युक्तीचे वर्णन मोठ्या आदराने केलेले असते. महसूल खात्यात तिच्यासाठी पेन्सिल पुरत असे.

या सर्व व्यवस्थेचा डोलारा एका शब्दावर उभा आहे. डेटाबेस खालच्या यंत्रणेला विचारतो, नोंदवही चकतीवर उतरली काय? लिनक्ससारख्या प्रणालीत या प्रश्नाला ‘एफसिंक’ म्हणतात, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत डेटाबेस दम धरून बसतो. उत्तर देणारा खरे बोलत असेल तर मार्कंडेय वाचला. तो केवळ शिष्टाचार म्हणून होकार देत असेल तर काय होते, हे समजण्यासाठी आधी पाण्याकडे वळणे आवश्यक आहे.

पूर्व विदर्भातील धानउत्पादक शेतकऱ्याकडे पाण्याच्या दोन परींच्या सोयी असतात. स्वतःच्या शेतात खोदलेले लहान तळे म्हणजे बोडी; ती आटते, गाळाने भरते, फुटतेही, पण ती कशी आहे हे बांधावर उभे राहून दिसते. दुसरी सोय म्हणजे गावाचा तलाव, मालगुजारांच्या काळापासून चालत आलेला, सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या तोंडी थोडक्यात ‘मामा तलाव’. तो मोठा, टिकाऊ, सामायिक, आणि म्हणूनच भांडणाचा; पाटाच्या तोंडाशी शेत असलेल्याची बांधी भरून वाहते तेव्हा शेपटाकडचा आभाळाकडे पाहत असतो. संगणकातील स्वतःची चकती ही बोडी होय. जाळ्यावरील साठवण हा मामा तलाव. एका मोठ्या कपाटात अनेक चकत्या ठेवून त्यातली जागा अनेक सर्व्हरांना तारेवरून वाटून दिली, की कोणाची चकती रिकामी पडून राहत नाही, एक चकती मेली तरी दुसरी काम करते, बिघडलेला सर्व्हर बदलून त्याच माहितीवर नवा उभा करता येतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पावसात चकती बदलायला कोणाला जावे लागत नाही. हे लाभ खरे आहेत. सध्या भाड्याने मिळणाऱ्या मेघसेवांतील ‘चकती’ बहुधा अशीच तारेपलीकडची असते आणि बँकांपासून शाळांपर्यंतचे व्यवहार तिच्यावर सुखाने चालतात, ही गोष्ट पुढील विवेचनाने वाचक घाबरून जाऊ नये म्हणून येथेच नोंदवून ठेवणे इष्ट.

जाळ्यावरच्या या तलावाचे पाट दोन तऱ्हांचे असतात. एकात पलीकडचे कपाट केवळ कोरे ठोकळे देते आणि फाइलींची मांडणी सर्व्हर स्वतः करतो. दुसऱ्यात पलीकडचे यंत्रच फाइलींचा कारभार पाहते आणि अलीकडचा फक्त मागणी नोंदवतो. या दुसऱ्या तऱ्हेतील सर्वांत प्रसिद्ध व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणलेली नेटवर्क फाइल सिस्टिम, जिला पुढे तिच्या आद्याक्षरांनी एनएफएस म्हणू. दूरची फाइल जवळचीच आहे असे वाटावे, हे तिचे ध्येय. उंटावरून शेळ्या हाकण्याला मराठीत हलगर्जीपणा म्हणतात. संगणकक्षेत्रात त्याला पारदर्शकता म्हणतात.

एनएफएसच्या आवृत्त्यांचा इतिहास हा खरे तर पोहोचपावतीचा इतिहास आहे. कोणत्याही कार्यालयात अर्ज दिला की बारनिशीत त्याच्या स्थळप्रतीवर शिक्का मारून मिळतो. अनुभवी नागरिक तो जपून ठेवतो, नवखा त्यालाच निकाल समजतो. एनएफएसची दुसरी आवृत्ती एकमार्गी आणि प्रामाणिक होती: आलेली प्रत्येक नोंद चकतीवर उतरल्याखेरीज तिने होकार द्यावयाचा नाही, असा नियम होता, आणि त्यामुळे ती एखाद्या जुन्या, नेक, चष्म्यातून प्रत्येक ओळ दोनदा वाचणाऱ्या कारकुनाइतकी संथ होती. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने शिक्का आणि निकाल वेगळे केले. आता नोंद नुसती स्मृतीत ठेवून ‘पोहोचली’ असे सांगता येऊ लागले, आणि ग्राहकाने मागाहून ‘कमिट’ असा वेगळा हुकूम दिल्यावर सर्व नोंदी चकतीवर उतरवून ‘झाले’ म्हणणे बंधनकारक ठरले. पोहोच देताना पलीकडचा सर्व्हर एक खुणेचा आकडाही देतो. मध्यंतरी तो सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर हा आकडा बदलतो, त्यावरून ग्राहकाला कळते की जुने साहेब बदलून गेले, आता सगळे अर्ज नव्याने दिले पाहिजेत. मानवी कार्यालयांत साहेब बदलल्याचे इतक्या स्वच्छपणे कळवण्याची सोय अद्याप झालेली नाही.

येथवर सर्व सचोटीचे आहे. परंतु लिनक्सवरील एनएफएसमध्ये साठवण वाटून देणाऱ्याला एक पर्याय उपलब्ध असतो, त्याचे नाव ‘असिंक’. तो निवडला की सर्व्हर ‘कमिट’लाही चकतीची वाट न पाहता होकार देऊ लागतो, म्हणजे निकालाच्या जागीही शिक्काच मारतो. गती एवढी वाढते की व्यवस्थापकाचा सत्कार व्हावा. एके काळी हा पर्याय न सांगताच लागू असे. पुढे शहाणपण येऊन सांगितल्याशिवाय तो लागू होऊ नये असे ठरले, तथापि गतीच्या शोधात निघालेला माणूस आजही तो हौसेने चालू करतो. वीज असेपर्यंत ‘झाले’ आणि ‘झाले समजा’ यांत काडीचा फरक दिसत नाही, हेच या पर्यायाचे आकर्षण. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपले पूर्वज विचारीत. त्यांना पोहरा काठोकाठ भरलेला आणि आड कोरडा ठणठणीत, ही स्थिती सुचलीच नव्हती.

होकाराची ही साखळी मोजून पाहिली तर छाती दडपते. डेटाबेसने लिहिलेले पान आधी स्वतःच्या यंत्राच्या स्मृतीत जाते, तेथून एनएफएसच्या ग्राहकाकडे, मग तारेवरून पलीकडच्या यंत्राच्या स्मृतीत, तेथून चकत्यांचा समूह सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडे, तेथून चकतीच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीत, आणि सरतेशेवटी चकतीवर. नियंत्रकाच्या स्मृतीला बॅटरीचा आधार असेल तर त्याचा होकार मान्य करण्यास हरकत नसते, कारण वीज गेली तरी ती नोंद धरून ठेवते. स्वस्त चकत्यांच्या स्मृतीला असा आधार नसतो आणि तरीही त्या बेधडक ‘झाले’ म्हणतात. तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी या उतरंडीतून फिरलेल्या माणसाला या वर्णनात नवे काहीच आढळणार नाही. प्रत्येक पायरीवर खालच्याचा होकार ग्राह्य धरून वर होकार कळवला जातो आणि सर्वांत वर बसलेल्याला सर्व काही झालेले दिसते.

आपल्या घरच्या प्रणालीचा होकार तरी विश्वासार्ह असावा, अशी अपेक्षा पोस्टग्रेस या नामांकित मुक्त डेटाबेसच्या कर्त्यांनी दीर्घकाळ बाळगली होती. २०१८ साली त्यांना असे आढळले, की लिनक्समध्ये एखादे पान चकतीवर उतरवताना चूक झाली तर एफसिंक ती एकदा सांगतो खरी, पण सांगून झाल्यावर ते पान ‘उतरलेले’ म्हणून मोकळे करतो, त्यामुळे डेटाबेसने आदरपूर्वक दुसऱ्यांदा विचारले की उत्तर येते ‘झाले’. काम दरम्यान कोणीही केलेले नसते. केवळ विचारणा दुसरी असते. मराठी माणसाने यावर दिवाळी अंकात लेख लिहिला असता. पोस्टग्रेसच्या मंडळींनी पुढच्या वर्षी दुरुस्ती काढली, तिचे सार असे की एफसिंकने एकदा ‘नाही’ म्हटल्यास पुन्हा विचारू नये, सरळ जमिनीवर अंग टाकावे, म्हणजे सर्व्हर मुद्दाम कोसळवावा आणि उठल्यावर नोंदवही पुन्हा वाचावी. सामंजस्यापेक्षा मूर्च्छा श्रेयस्कर, असा निर्णय इतक्या विचारपूर्वक घेतला गेल्याची उदाहरणे प्रशासनाच्या इतिहासात विरळा.

जाळे तुटल्यास काय करावे, हा पुढचा प्रश्न, आणि याबाबत गडचिरोली जिल्ह्याला कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, आणि दक्षिणेकडे भामरागडपाशी पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांचा संगम असल्याने, पर्लकोटेला पूर येऊन तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे पावसाळ्यासोबत येत आली आहे. पुलावर पाणी चढले की अलीकडच्या काठावर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. एक पिशवी उशाला घेऊन बसतो. पाणी आज उतरो की परवा, तो पलीकडे गेल्याशिवाय परत फिरत नाही. दुसरा तासभर वाट पाहतो आणि घरी जाऊन ‘जमले नाही’ असे सांगतो. एनएफएस जोडण्याच्या दोन रीतींना अनुक्रमे ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असे म्हणतात, आणि पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेत एनएफएससाठी जी एकच ठाम अट घातलेली आहे ती पहिल्या प्रवाशाची आहे. दुसरा प्रवासी वरकरणी व्यवहारी वाटतो, पण तो अर्धे लिहून झाल्यावर परततो. डेटाबेसला चकतीच्या वागण्यात ‘कंटाळा’ ही अवस्था ठाऊकच नसल्याने अर्धवट पान खरे की जुने पान खरे याचा त्याला उलगडा होत नाही.

पहिल्या प्रवाशाचीही एक पंचाईत आहे. तो वाट पाहत बसला की संपूर्ण डेटाबेस वाट पाहत बसतो, पडद्यावर ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत’ या आशयाची एकच ओळ उमटते, आणि ती वाचून खिडकीतला कर्मचारी बाहेरच्या रांगेला दोन शब्दांत निकाल देतो: सर्व्हर डाऊन. हे दोन शब्द आता पूर्णपणे मराठी झाले असून त्यांच्यापुढे कोणतेही अपील चालत नाही. जुन्या लिनक्समध्ये तर अशा रीतीने अडकलेली प्रक्रिया मारताही येत नसे. व्यवस्थापकाने कितीही निर्वाणीचा संदेश धाडला तरी ती हलत नसे. येथे मार्कंडेयाचे चिरंजीवित्व मिळाले खरे, पण लिंगाला मारलेली मिठी काही केल्या सुटेना. २००८ च्या सुमारास लिनक्सच्या कर्त्यांनी नियम सैल केले आणि यमाला मर्यादित प्रवेश मिळाला.

अंतर हा विषय त्यामानाने सरळ आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि गडचिरोलीहून मुंबई रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने जाऊन येण्यास किमान दहा मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साध्या चकतीचा एक फेरा जवळपास तेवढ्याच वेळात, ८.३ मिलिसेकंदांत, होतो. एकाच नोंदीपुरते हे सुसह्य आहे. परंतु डेटाबेसने एकामागून एक शंभर वेळा ‘झाले काय’ विचारावयाचे आणि दर वेळी प्रकाशाने मुंबईला जाऊन यावयाचे असे ठरल्यास एका फेरफाराला एक सेकंद जातो, आणि त्यातही तंतू अखंड आहे, वाटेत कोठे जेसीबीने रस्ता खोदलेला नाही, असे गृहीत धरावे लागते. म्हणून सर्व्हर आणि साठवण शहाणी माणसे एकाच दालनात ठेवतात, आणि जंगलातून जाते ती केवळ विचारणा. सातबाऱ्याची माहिती पूर्वी तालुक्याच्या संगणकात असे, ती पुढे राज्य पातळीवर एकत्र झाली, आणि तालुक्याच्या बोडीतले पाणी मामा तलावात गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला तो या एकत्रीकरणामुळेच. महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला लोटणाऱ्या गर्दीपैकी प्रत्येकजण एकाच वेळी घरी छायाचित्र पाठवू पाहतो तेव्हा मोबाइलच्या मनोऱ्याची जी अवस्था होते, तीवरून विचारणा तरी पोहोचेल काय, हा स्वतंत्र प्रश्न उरतोच.

सर्वांत भीषण प्रसंग मात्र जाळे तुटल्याने येत नाही, ते फार चांगले जोडलेले असल्याने येतो. सामायिक साठवणीचा लाभ असा सांगितला, की एक सर्व्हर मेला तर दुसरा त्याच माहितीवर उभा करता येतो. पण पहिला मेलाच नसेल तर? पोस्टग्रेस आपल्या माहितीच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवतो, तिच्यावर आपल्या प्रक्रियेचा क्रमांक लिहितो, आणि नव्याने येणारा ती चिठ्ठी वाचून ‘या क्रमांकाचा कोणी जिवंत आहे काय’ असे स्वतःच्या यंत्रात पाहतो. दुसऱ्या यंत्रावरून आलेल्याला तो क्रमांक स्वतःच्या घरी सापडण्याचे कारण नसते, म्हणून तो मालक मयत समजून चिठ्ठी काढून टाकतो आणि स्वतःची वारस नोंद करून घेतो. आता एकाच गावाला दोन तलाठी झाले, दोघेही कर्तव्यदक्ष, दोघेही एकाच फेरफार नोंदवहीच्या एकाच पानावर लिहिणारे, आणि एकमेकांच्या अस्तित्वाविषयी पूर्ण अनभिज्ञ. अशा वेळी माहिती हरवत नाही. ती एकमेकींत मुरते, आणि हरवल्यापेक्षा ते वाईट. यावरील उपायाला ‘कुंपण’ म्हणतात: नव्याने कारभार घेण्यापूर्वी जुन्याची वीज यंत्राकरवी तोडावयाची, तो मेला असल्याचे समजावयाचे नाही, तर त्याला मृत करूनच पुढे जावयाचे. उपाय रामबाण आहे. फक्त दोन्ही सर्व्हरांना एकाच वेळी परस्परांविषयी संशय आला तर दोघेही एकमेकांची वीज तोडतात, आणि कुंपणच शेत खाते ही म्हण तांत्रिक अर्थानेही सिद्ध होते.

मार्कंड्याच्या मंदिरांनाही टिकाऊपणाच्या या विषयाचा जुना अनुभव आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमारास मध्य प्रांताच्या दौऱ्यात या मंदिरसमूहाची पाहणी केली, तेव्हाच मुख्य मंदिरावर पूर्वी कधी वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळल्याची हकिकत जुनी झालेली होती. अलीकडच्या काळात जतनासाठी शिखराचे दगड उतरवून, प्रत्येकावर क्रमांक घालून ते आवारात मांडण्यात आले, आणि पुनरुभारणीचे काम दीर्घकाळ रेंगाळले. दगड आणि क्रमांक या दोहोंत महत्त्वाचे काय, असा प्रश्न भाविक विचारीत नाहीत. डेटाबेसचा व्यवस्थापक मात्र क्षणाचाही विचार न करता क्रमांकांची वही आधी सुरक्षित ठेवील, कारण वही असली तर दगडांचे मंदिर पुन्हा होते, वही गेली तर दगडांची केवळ रास उरते. ती वही तारेपलीकडच्या कपाटात असेल, तर तो आणखी एक गोष्ट करील.

ती गोष्ट म्हणजे पडताळा. ऑनलाइन सातबारे अचूक झाले आहेत काय हे पाहण्यासाठी २०१७ साली महसूल खात्याने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातील उतारे गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवावी, असे ठरले. चकतीच्या खरेपणाची चाचणीही याच धर्तीची आहे, आणि ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००५ साली तिच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. एक यंत्र साठवणीवर नोंदी लिहीत जाते आणि जिच्याबद्दल ‘झाले’ असे उत्तर आले तिचा क्रमांक तारेवरून दुसऱ्या, त्रयस्थ यंत्राला कळवते. मग चालू कामात वायर उपटावयाची, यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, आणि त्रयस्थाकडील यादी समोर धरून कबूल केलेली प्रत्येक नोंद चकतीवर आहे काय ते वाचून पाहावयाचे. जी नोंद कबूल झाली आणि सापडली नाही ती कोणत्या पायरीने ‘झाले समजा’ म्हणून वर कळवली, याचा शोध त्यानंतर घेता येतो.

ही चाचणी महानगरांत क्वचित होते, कारण तेथे वीज आपण होऊन जात नाही आणि चालू यंत्राची वायर उपटण्यास लेखी परवानगी कोणी देत नाही. पूर्व विदर्भात अशी अडचण नाही. शेजारच्या चंद्रपुरास २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे हे खरे, परंतु वीज तयार होणे आणि ती जंगलातील तारांवरून, वादळात वाकलेल्या सागाच्या फांद्या चुकवीत, भिंतीवरच्या बोर्डापर्यंत येणे यांतही तेच पूर्वोक्त अंतर असते. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीपासून परतीच्या पावसापर्यंत ही चाचणी येथे विनामूल्य, विनाअर्ज आणि वारंवार घेतली जाते. तिचे वेळापत्रक तेवढे आधी कळवण्यात येत नाही.